दोरीधारक नेमणे आहे

तलावावर एका सुट्टीच्या दिवशी एक मोटरबोट चालकाशिवाय फिरली. त्या वेळी बोटीत एक अख्खं कुटुंब बसलेलं होतं, आणि हे सगळं तिकिटातच धरलेलं आहे अशी त्या कुटुंबाची शेवटपर्यंत समजूत होती.

घडलं ते अगदी साधं होतं. एका बाईंची टोपी वाऱ्यानं उडाली. चालकानं एका हातानं स्टिअरिंग धरून दुसरा हात टोपीकडे लांबवला, तेवढ्यात बोटीनं उसळी घेतली आणि टोपीच्या आधी चालक पाण्यात पोचला. कुणाच्या जाण्यानं थांबावं, असा बोटीचा स्वभाव नव्हता. स्टिअरिंग जिकडे वळलेलं होतं तिकडे ती वळत राहिली आणि चालकाला मध्ये ठेवून गोल गोल फिरू लागली. बोट अंगावर आली की तो बुडी मारायचा, गेली की वर येऊन श्वास घ्यायचा. टोपीवाल्या बाईंचे यजमान दर फेरीला "वा!" म्हणून दाद देत होते. शेवटी बोट काठच्या चिखलात रुतून बसली. चालक पोहत बाहेर आला तेव्हा त्याच्या टाचेचं सालपट बोटीच्या पंख्यानं नेलं होतं. तेवढ्यावर निभावलं.

तलाव विहार विभागाच्या दप्तरी या प्रकाराची नोंद 'चालकविरहित परिभ्रमणाची किरकोळ घटना' अशी झाली. ही शब्दरचना चालकाच्या बायकोची होती.

ती त्याच विभागात मसुदे लिहायच्या टेबलावर होती आणि सगळं ऑफिस तिला मसुदाबाई म्हणत असे. साहेबांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "बाई, 'अपघात' हा शब्द नको. अपघात म्हटलं की चौकशी आली, चौकशी म्हटली की आपण आलो." मसुदाबाईनं एकदाही खाडाखोड न करता मजकूर लिहून दिला. मग घरी जाऊन मुलीचे केस धुताना डोळ्यांत साबण गेला म्हणून आधी मुलगी रडली, मग ती रडली.

आता यातली खरी गंमत अशी, की बोटीत दोरी होती. प्रत्येकच बोटीत असते. इंजिनच्या खटक्यात एक लाल क्लिप अडकवलेली असते आणि तिला वळ्यावळ्यांची लाल दोरी. दोरीचं दुसरं टोक चालकानं मनगटाला अडकवायचं. चालक पाण्यात पडला की दोरी ताणली जाते, क्लिप निघते, इंजिन जागच्या जागी बंद. लहान मुलालाही कळावं इतकी सोपी गोष्ट. म्हणूनच बहुधा मोठ्या माणसांना ती पटत नव्हती. तलावावरच्या सगळ्या चालकांचा रिवाज असा होता, की क्लिप एकदा खटक्यात बसवली की बसवली. दोरी स्टिअरिंगच्या दांड्याला गुंडाळून टाकायची. तिच्यावर कुणी चष्मा अडकवी, कुणी शिट्टी. मसुदाबाईचा नवरा तिच्यावर रुमाल वाळत घाली.

"अहो, ती दोरी मनगटाला बांधायची असते," टाचेला मलम लावता लावता ती म्हणाली.

"अगं, मी काय बकरी आहे बांधून ठेवायला?"

"बकरी पाण्यात पडली तर बोट तिच्या अंगावरून जात नाही."

"रोज पडतो का मी? एवढ्या वर्षांत एकदा पडलो. तेही बाईंची टोपी होती म्हणून. आणि ती बांधली की चार पावलं उठून जाता येत नाही. बाकीचे म्हणतील, बायकोनं खुंटीला बांधला."

"म्हणू देत की."

"तुला काय जातंय म्हणायला!"

सासूबाई कोपऱ्यात लोकर गुंडाळत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्याच्याशी घसा कशाला फोडतेस? त्याचे वडीलही असेच होते. सांगितलेलं ऐकायचे नाहीत, छापलेलं ऐकायचे. भिंतीवर लिहिलेलं असलं तर थुंकायचेसुद्धा बाजूला जाऊन. तू ऑफिसात छापायच्याच कामावर आहेस ना? मग छाप की."

हे मसुदाबाईला पटलं. बायकोचं न ऐकणारा माणूस दंडाचं ऐकतो, हे तिनं नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं. नवरा रोज घरी यायला हवा, एवढीच तिची मागणी होती, आणि अशा मागणीसाठी सरकारी कागद वापरायला तिला काहीच गैर वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता तिनं नियम लिहिला: 'इंजिन सुरू करण्यापूर्वी चालकाने खटक्याची दोरी स्वतःच्या मनगटाला बांधावी. दोरी न बांधता बोट धक्क्यावरून सोडू नये.'

साहेबांनी कागद उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं.

"बाई, हे काय?"

"नियम आहे, साहेब. दोरीचा."

"हा नियम? सगळं कळतंय की यातलं!"

"कळावं म्हणूनच लिहिलाय, साहेब."

"तिथेच तर गोम आहे. लोकांना कळलं आणि त्यांनी पाळलं नाही, तर विचारणा आपल्याला होते. कळलंच नाही, तर त्यांची चूक." साहेबांनी कागद परत केला. "याला जरा अंग धरू द्या. व्याख्या घाला. उद्देशिका घाला. नुसतं 'दोरी' काय? विभागाला शोभेल असं काहीतरी."

मसुदाबाईनं अंग धरू दिलं. दोरीची 'इंजिनविराम संयोजिका' झाली. मनगट म्हणजे 'हाताचा तो भाग, ज्यावर सर्वसाधारणपणे घड्याळ असते' असं ठरलं. पडणे या शब्दाची व्याख्या करताना तिचा अख्खा दिवस गेला, पण जी झाली ती सगळ्या मजल्यावर वाचून दाखवली गेली: 'पडणे म्हणजे चालकाने बोट चालू असताना पूर्वपरवानगीशिवाय बोटीबाहेर जाणे.' लोक वा वा म्हणाले. मसुदाबाईला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. आपण हे कशासाठी सुरू केलं होतं ते त्या दिवशी तिच्या मनात घरी पोचेपर्यंत आलं नाही.

मग बैठक झाली. बैठकीला बोटमालक संघटनेचे अध्यक्ष आले. तलावावरच्या बऱ्याचशा बोटी त्यांच्याच होत्या आणि त्या चालवताना मात्र ते कुणाला कधी दिसले नव्हते. त्यांच्याबरोबर एक अनुभव सल्लागार होते. पर्यटकांना आलेला अनुभव त्यांना आला की नाही, हे पर्यटकांना सांगण्याचं काम ते करीत.

"आमचे चालक नुसतं चालवत नाहीत, साहेब," अध्यक्ष म्हणाले. "बायकांना हात देऊन बसवतात, म्हाताऱ्यांना उशी देतात, पोरांना भोंगा वाजवू देतात. दर वेळी उठले की इंजिन फुस्स! पब्लिक म्हणणार, काय भंगार बोट आहे."

"इंजिन बंद पडणं हा नकारात्मक अनुभव आहे," सल्लागार म्हणाले.

मसुदाबाई नोंदी घ्यायला बसली होती. तिनं बोलायचं नव्हतं, पण ती बोलली. "माणूस पाण्यात पडल्यावर तरी इंजिन बंद पडायला पाहिजे ना?"

"माणूस पडणं हाही नकारात्मक अनुभवच आहे, मॅडम," सल्लागार समजुतीनं म्हणाले. "एकाच फेरीत दोन-दोन कशाला?"

बैठकीत सुवर्णमध्य निघाला. दोरी चालकाच्या मनगटाला असावी, मात्र तिची लांबी चालकास बोटीत सर्वत्र सुखाने संचार करता येईल इतकी असावी. साहेब खूश झाले, अध्यक्ष खूश झाले. मसुदाबाईनं मनातल्या मनात ती लांबी पाण्यात सोडून पाहिली. चालक पडल्यावर दोरी ताणली जाईपर्यंत बोट त्याच्या अंगावरून जाऊन परतही येऊ शकत होती. पण नोंदवहीत 'सर्वानुमते' हा शब्द आधीच लिहून झाला होता.

लांब दोरी आठवडाभरही टिकली नाही. ती बोटीभर पसरली. पहिल्याच दिवशी एका आजोबांच्या काठीत अडकली, दुसऱ्या दिवशी एका पोरानं तिच्यावरून उड्या मारायचा खेळ काढला. मसुदाबाईच्या नवऱ्याच्या बोटीत तर तिनं एका नवपरिणीत जोडप्याला एकमेकांशी बांधून टाकलं आणि इंजिन तलावाच्या मधोमध बंद पडलं. जोडप्याची तक्रार नव्हती. मागच्या बाकावर बसलेल्या नवरीच्या काकांची होती.

"बघितलंस?" नवरा घरी येऊन म्हणाला. "तुझा नियम पायात येतो."

"माझा नियम इतका लांब नव्हता हो."

"मग कुणी लांबवला?"

मसुदाबाईनं त्याचं ताट वाढलं. तिनंच लांबवला होता, अक्षर तिचं होतं.

साहेबांनी तिला पुन्हा बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं. "बाई, मुळात आपण चुकत होतो कुठे? दोरी कुणीतरी बांधली पाहिजे, एवढंच ना? चालकाला काम असतं, तो उठणार, फिरणार. मग ज्याला काम नाही त्यानं बांधावी! बोटीत एक स्वतंत्र माणूस बसवू. दोरीधारक."

"पण साहेब, पडणार चालक. दोरी असणार दुसऱ्याच्या हाताला. मग इंजिन थांबणार कसं?"

"थांबायला नकोच आहे ना कुणाला!" साहेब खुर्चीत मागे रेलले. "तुमची एक सवय मी बघून ठेवली आहे, बाई. तुम्ही प्रत्येक नियमात परिणाम शोधता. नियमात अंमलबजावणी बघायची असते. दुर्बिणीतून काठावरून पाहिलं की प्रत्येक बोटीत एका मनगटावर लाल दोरी दिसली पाहिजे. दिसली की झालं."

जाहिरात मसुदाबाईनंच लिहिली. 'दोरीधारक नेमणे आहे. उमेदवार स्थिर प्रकृतीचा असावा. दीर्घकाळ एका जागी बसण्याचा पूर्वानुभव असल्यास प्राधान्य. पोहता येण्याची आवश्यकता नाही. पोहता येत असल्यास पडण्याची भीती राहत नाही, सबब शक्यतो येऊ नये.' विभागातल्या निम्म्या लोकांनी अर्ज केले, कारण पूर्वानुभवाची अट त्यांना अगदी बसत होती. पण एक अर्ज तिला ओळखीच्या अक्षरात दिसला आणि ती चहा सांडून बसली.

"आई, तुम्ही?"

"का? माझ्यात काय कमी आहे?" सासूबाई म्हणाल्या. "हलायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, कुणी कुठे चाललंय ते विचारायचं नाही. घरात मला हे कधी जमलं नाही, मान्य आहे. पण घरात त्याचा पगार नव्हता." मग त्या म्हणाल्या, "आणि तो पडला तर निदान त्याच्याकडे बघणारं कुणीतरी आपलं असेल."

मुलाखतीत त्यांना एवढंच विचारलं गेलं, की त्या उठल्या तर काय होईल. "गुडघे वाजतील," त्या म्हणाल्या. त्यांची निवड झाली. नातेवाईक असल्याने समन्वय राहील, असा शेरा मारून त्यांना मुलाच्याच बोटीवर दिलं.

अडचण पहिल्याच फेरीला आली. सासूबाईंना शिंक आली. शिंक त्यांच्या घराण्यात खणखणीत होती. हात उडाला, क्लिप निघाली, बोट बंद. दुसऱ्या बोटीतला दोरीधारक पाय मोकळे करायला उठला, बोट बंद. तिसऱ्यानं नुसती ओळखीच्या माणसाला मान डोलावली, तरी बोट बंद. अध्यक्ष चिडले, सल्लागारांनी डोळे मिटून घेतले आणि साहेबांनी एका रेघेत प्रश्न सोडवला: दोरीधारक हलू नये म्हणून त्याला बाकाशी पट्ट्यानं बांधावं. मसुदाबाईनं त्याचं 'दोरीधारक स्थिरीकरण' असं नाव ठेवलं. लिहून झाल्यावर तिनं ते वाचलं. चालकाला कशाशीच बांधलेलं नव्हतं, इंजिन दोरीनं तिच्या सासूशी बांधलेलं होतं आणि सासू पट्ट्यानं बोटीशी. थोडक्यात, बोट आता बोटीशी बांधलेली होती.

घरी मुलीनं, म्हणजे भिंगरीनं, नवा खेळ सुरू केला होता. आजीच्या लोकरीचं एक टोक ती आईच्या मनगटाला बांधी, दुसरं स्वतःच्या, आणि घरभर भुर्रर्र करत पळे, लोकर ताणली की उभी राहे.

"आता काय झालं गं?" आई थबकून विचारी.

"तू पडलीस. मी थांबले."

"आणि मी नाही पडले तर?"

"तर मी कशाला थांबू?" भिंगरी कंबरेवर हात ठेवून म्हणे. मसुदाबाई मग तिला उचलून घेई आणि बराच वेळ खाली ठेवत नसे. मुलीला वाटे हाही खेळातलाच भाग आहे.

योजनेच्या शुभारंभाला मोठे पाहुणे आले. मोठे म्हणजे किती, ते त्यांच्या मागच्या गाड्यांवरून कळत होतं. धक्क्यावर मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, सगळं होतं. फक्त कापायची लाल फीत आणायची राहिली होती. शिपाई म्हणाला भांडारातून मिळाली नाही, भांडारपाल म्हणाला मागणीच आली नाही. पाहुणे कात्री घेऊन उभे. साहेबांना घाम फुटला आणि त्याच घामात त्यांना सुचलं. बोटीत सासूबाईंच्या मनगटापासून खटक्यापर्यंत ताणलेली दोरी लालच होती.

"ही कापा, सर! यापेक्षा समर्पक काय असणार?"

मसुदाबाई भिंगरीला कडेवर घेऊन खुर्च्यांच्या मागे उभी होती. ती पुढे धावली. "साहेब, ती खरी दोरी आहे!"

"म्हणून तर कार्यक्रमाला अर्थ आहे, बाई!"

दोरी कापली गेली. क्लिप खटक्यात राहिली, उरलेलं टोक सासूबाईंच्या हातात. टाळ्या झाल्या. पाहुणे बोटीत बसले आणि चालकाला म्हणाले, "जरा जोरात घ्या हो. काठावर कॅमेरे आहेत. वळण एकदम झोकदार येऊ दे."

चालकानं कधी पाहुण्यांचा शब्द मोडला नव्हता. वळण झोकदारच आलं. त्या झोकात बोट एका बाजूला कलली आणि मसुदाबाईचा नवरा दुसऱ्या बाजूनं पाण्यात गेला.

बोट फिरू लागली. लाउडस्पीकरवरचा माणूस हुशार होता, त्यानं ताबडतोब सांगितलं, "आणि हे आहे प्रात्यक्षिक!" लोक उठून उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात मसुदाबाई ओरडत होती, "बंद करा! कुणीतरी बंद करा ते!" आणि तिच्या शेजारचा माणूस तिला म्हणाला, "अहो बसा ना खाली, मागच्यांना दिसत नाही."

बोटीत सासूबाई पट्ट्याशी झगडत होत्या. पट्टा सुटेना. विभागानं खरेदी केलेल्या वस्तूंपैकी चोख काम करणारी ती पहिलीच होती. खटका हाताच्या टप्प्याबाहेर होता आणि पाहुण्यांच्या अगदी गुडघ्याशी.

"अहो, ती लाल क्लिप ओढा! ती बघा, तुमच्या पुढ्यात!"

"माझे सहायक मागच्या बोटीत आहेत," पाहुणे म्हणाले. "त्यांना येऊ द्या."

"माझा मुलगा आहे हो खाली!"

"हो, हो. निवेदन देऊन ठेवा."

बोटीनं दुसरं वळण घेतलं. पाण्यात डोकं वर आलं, बोट पाहिली आणि पुन्हा खाली गेलं. या वेळी ते लवकर वर येईना. सासूबाईंनी पायातली चप्पल काढली. मुलगा लहान असताना ती त्यांनी घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुष्कळदा फेकली होती, आणि नेम त्यांचा तेव्हाही चांगला होता. चप्पल पाहुण्यांच्या कानाजवळून गेली आणि खटक्यावर बसली. क्लिप उडाली. इंजिन बंद पडलं.

तलावावर एकदम सामसूम झाली. मग पाण्यात खोकण्याचा आवाज आला. मसुदाबाई भिंगरीसकट होती तिथे खाली बसली.

त्याच्या पिंढरीला टाके पडले. दवाखान्यातून तिला ऑफिसात बोलावून घेण्यात आलं, कारण अहवाल तातडीचा होता. तिनं लिहिला: 'दोरीधारकाने प्रसंगावधान राखून इंजिन थांबविले, सबब योजना यशस्वी ठरली आहे. यापुढे प्रत्येक दोरीधारकास फेकण्यायोग्य पादत्राण, नग एक, उजवे, पुरविण्यात यावे. डावे पादत्राण भांडारात जमा राहील.' त्याखाली तिनं आपली मूळची दोन वाक्यं पुन्हा लिहिली, साधीच, व्याख्येशिवाय. साहेबांनी ती खोडली आणि समासात लिहिलं, 'विषयांतर.'

पण घरी काहीतरी बदललं होतं. पायाला पट्टी बांधलेला नवरा पलंगावर बसून होता. दोरीची चेष्टा करणं त्यानं सोडलं होतं.

"ती दोरी," तो म्हणाला, "कुठल्या हाताला बांधतात गं?"

तिनं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे तो पुन्हा म्हणेल.

"दाखव ना. डाव्या का उजव्या?"

तिनं आजीच्या लोकरीचा तुकडा घेतला आणि त्याच्या डाव्या मनगटाला बांधला. घट्ट नाही, सैल नाही. भिंगरीनं दुसरं टोक धरलं. "बाबा, आता तू पड," ती म्हणाली. "नको गं," तो म्हणाला, आणि बायकोकडे न बघता हसला.

पाय बरा झाल्यावर तो कापलेलीच्या जागी आलेली नवी दोरी बांधूनच धक्क्यावर उभा राहिला. बाकीचे चालक म्हणाले, "काय रे, पाळीव झालास?" तो म्हणाला, "झालो." विषय संपला. पण विभागाचा संपला नाही. काठावरच्या दुर्बिणीला त्याच बोटीत चालकाच्या मनगटावर दोरी दिसली आणि दोरीधारकाच्या मनगटावर दिसली नाही. त्याला नोटीस आली: चालकाने दोरी बांधणे हा दोरीधारकाच्या कामात अडथळा असून दंडास पात्र आहे. नोटिशीची भाषा फार सुरेख होती. मसुदाबाईनं ती स्वतःच लिहून दिलेल्या नमुन्यावरून ओळखली.

तोड सासूबाईंनी काढली. त्यांनी लाल लोकरीची एक दोरी विणली, वळ्यावळ्यांची, लांबून पाहणाऱ्याला शंका येऊ नये अशी, आणि ती स्वतःच्या मनगटाला बांधून बाकावर मुकाट बसून राहिल्या. खरी दोरी मुलाला दिली. दुर्बिणीतून दिसू नये म्हणून मसुदाबाईनं त्याच्या सदऱ्यांच्या बाह्या लांब करून दिल्या. अशा रीतीनं तलावावरची एक बोट सुरक्षित झाली, पण नियमाच्या दृष्टीनं ती फसवणूक होती. तरी मसुदाबाईला त्या दिवसांत गाढ झोप लागायची. सुट्टीच्या दिवशी ती भिंगरीला घेऊन धक्क्यावर जायची, बोट सुटताना नवरा बाही जराशी वर करून तिला मनगट दाखवायचा, मग ती घरी जायची.

आणि मग मागच्या सुट्टीत तुम्ही आलात.

आठवतंय ना? ऊन कोवळं होतं, घरची सगळी बरोबर होती, तुम्ही अगदी मजेत होतात. बोट सुटली तेव्हा बाही सरकली आणि तुम्हाला ती लाल दोरी दिसली. तुम्ही काही वाईट माणूस नाही. आवाज चढवला नाहीत, दादा म्हणालात. "दादा, तेवढी दोरी काढा ना जरा. फोटोत मध्ये मध्ये येतेय. दोनच मिनिटं." त्यानं एकदा धक्क्याकडे पाहिलं. मग तुमच्याकडे पाहिलं. तुमच्यामागे रांगेत आणखी बरेच जण होते आणि शेजारच्या बोटींतले चालक कुणालाच नाही म्हणत नव्हते. त्यानं ती काढली आणि दांड्याला गुंडाळली. तुम्ही थँक्यूसुद्धा म्हणालात.

फोटो सुंदर आलाय. निळं पाणी, मागे डोंगर, सगळ्यांचे डोळे उघडे. मागे धक्क्यावर, मुलीला कडेवर घेतलेली एक बाई टाचा उंचावून जोरजोरात हात हलवतेय. किती प्रेमळ माणसं असतात इथली, असं तुम्ही त्या फोटोखाली लिहिलंय.